शेंबी बसवलेला क्यू

मंगळवारी संध्याकाळी केर काढताना अनुपमाने दारामागे झाडू घातला आणि तो वर्तमानपत्रावर खर्रकन घासला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठी. वेताची, वाकड्या मुठीची, वडिलांसाठी तिने स्वतः महाडच्या बाजारातून निवडून आणलेली. ही काठी काल सकाळीच माहेरी, कापड्याला, पोचायला हवी होती. तिचा भाऊ दीपक आपली प्रवाशांची जीप घेऊन आला होता, आणि दारामागून काहीतरी लांबडे उचलून गेलाही होता. पिठाने भरलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून तीच ओरडली होती, "दारामागं बाबांची काठी आहे बघ रे, घेऊन जा!"

मग दीपकने नेले काय?

उत्तर तिला कळले होते. पण कळले तरी माणूस आधी पलंगाखाली बघतो, मग कपाटावर बघतो. तिनेही बघितले. कपाटावर सगळीकडे धूळ होती, फक्त एका लांबट पट्ट्यात नव्हती. चोवीस वर्षे तिथे तिच्या नवऱ्याचा क्यू ठेवलेला असे.

नवरा, शरच्चंद्र सर, महाडच्या एका शाळेत भूमिती शिकवत आणि संध्याकाळी सहा ते आठ चवदार तळ्याच्या रस्त्यावरच्या क्लबात पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ, खेळत. पहिली पगारवाढ मिळाली तेव्हा पुण्याहून त्यांनी बॉल ढोसायचा हा क्यू आणला. दोन तुकड्यांचा, पेचाने जोडायचा, काळ्या पिशवीतला, आतून मरून मखमल. लग्न त्याच वर्षी झाले. त्यामुळे बायको आणि क्यू, दोघांचे वय घरात सारखेच मोजले जाई. मात्र रोज रात्री मऊ फडक्याने पुसला जायचा तो क्यूच.

"काठी" म्हटलेले त्यांना चालत नसे. "काठी नाही, क्यू," ते म्हणत. आणि कुणी क्यू बदलला की त्यांचे व्याख्यान सुरू होई. "क्यू बदलणारा माणूस आपली चूक लाकडावर ढकलतो. मी बदलत नाही. म्हणून चूक कुणाची ते मला कळतं."

"मग कळली का?" असे अनुपमाने एकदाच विचारले होते. पुढचे दोन दिवस घरात वार्षिक परीक्षेसारखी शांतता होती.

कारण सर दरवर्षी पोलादपूरच्या स्पर्धेत हरत. हायवेवरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये एप्रिलात ती स्पर्धा होई, आणि गेली सहा वर्षे सर सुनील टाइल्सवाल्याकडून अंतिम सामन्यात हरत आले होते. सुनील दरवर्षी नवा क्यू घेऊन येई. सर दरवर्षी जुना घेऊन परत येत.

यंदाची स्पर्धा येत्या रविवारी होती. सर बोर्डाच्या पेपरांसाठी सोमवारी पहाटेच पनवेलला गेले होते, गुरुवारी येणार होते. आल्या आल्या दारातूनच उचलून सरावाला जाता यावे म्हणून जाताना त्यांनीच ती काळी पिशवी कपाटावरून काढून दारामागे उभी केली होती.

अनुपमाने कापड्याला फोन लावला. आईने, बनुबाईने उचलला.

"आये, काठी पोचली का गो?"

"पोचली म्हंजे काय! तुझे बाबा घरात हायत कुठं? काठी घेऊन देवळापत्तूर गेलेत. महिनाभर ओटीवरनं उठत नव्हते ते!"

"कशी आहे काठी?" तिने जपून विचारले.

"कशी म्हंजे? दोन तुकडं हुते, पिरगाळून एक केलं. आत मखमल काय, चेन काय! जावयानं निवडली ना? मी म्हटलंच, आमच्या अनूला येवढी अक्कल नाय."

अनुपमा फोन ठेवून तिथेच केरात बसली.

तिचे वडील, कुशाबा, शेताच्या बांधावरून घसरले त्याला महिना झाला होता. डॉक्टरांनी काठी धरा म्हणून सांगितले, तर शहात्तर वर्षांचा माणूस म्हणाला, "काठी म्हाताऱ्यांनी धरायची." गुडघा आखडत चालला होता. चालले नाहीत तर कायमचे बसतील, असे डॉक्टर बजावून गेले होते. आणि आता ते चालत होते. कशामुळे, तर तिच्या नवऱ्याच्या क्यूमुळे. क्यू परत आणायचा तर वडील पुन्हा ओटीवर बसणार, नाही आणायचा तर नवरा. तो कुठे बसेल हे सांगता येत नव्हते.

वेताची काठी देऊन समजूत घालू, वडिलांचे मन न मोडता अदलाबदल करू, असे ठरवून ती बुधवारी सकाळी निघाली. कापड्याच्या फाट्यावर उतरली तोच रस्त्याच्या वळणावरून आवाज आला. ठण्. ठण्. लाकडाचा आवाज टक् येतो, एवढे तिला कळत होते.

कुशाबा तिला घ्यायला फाट्यापर्यंत चालत आले होते. धुतलेला सदरा, टोपी, आणि हातात क्यू. त्याच्या खालच्या टोकाला लोखंडाचे चकचकीत टोपण होते.

"बघ गो, शेंबी बसवली! लोहाराला पुढ्यात बसवून करून घेतली. खालचं टोक लय नाजूक हुतं, चामड्याची टिकली चिकटवलेली. चिखलात दोन दिस टिकली नसती."

"बाबा," अनुपमा म्हणाली, "ही आखूड दिसते."

"दिसंल नायतर काय? नाकापत्तूर येत हुती! नाकापत्तूर काठी गुराख्याची. हातभर उतरवली."

"कुठून उतरवली?"

"खालनं. वरनं कशी उतरवणार? वरची मूठ झकास हाय." त्यांनी क्यू तिच्या नाकाशी नेला. "वास घे. रातभर करंजेल, करंजाचं तेल, पाजलं आनि चुलीवर धुरी दिली. आता माझ्या मागं पन्नास वर्सं काठीला मरान नाय."

चांगल्या काठीचे जे जे करायचे असते ते सगळे त्यांनी केले होते. काही म्हणजे काही शिल्लक ठेवले नव्हते.

घरी अंगणात बनुबाई उडदाचे पापड लाटत होती. लाटणे हातभर लांब, बारीक आणि गुळगुळीत. "बरं झालं तुकडा टाकला नाय ते," ती म्हणाली. "असं सरळ लाटणं मी जन्मात बघितलं नाय. टोकाला निळं निळं काय लागलं हुतं, ते काथ्यानं घासून काढलं."

तो क्यूच्या टोकाला चोळायचा, चोवीस वर्षांचा चॉक होता.

जेवताना कुशाबा म्हणाले, "जावयबापूंना सांग, पसंत पडली. खरं सांगू का? चोवीस वर्सं दिवाळीला येतात, खुर्चीवर बसतात, घड्याळ बघतात. कधी 'कसे हायत' म्हणून इचारलं नाय. मी समजत हुतो, मनात आपल्याबद्दल काय नसंल. पन हुतं गो. बोलत नाय, पन ध्यानात ठेवतो मानूस."

वेताची काठी अनुपमाने पाटामागे सरकवली.

"ती कुनाची?" बनुबाईने विचारले.

"शेजाऱ्यांची," अनुपमा म्हणाली. खोटे बोलायची सवय नव्हती, म्हणून पुढे आणखी घालून बसली, "त्यांना पोलादपूरहून आणून द्यायची होती."

निघताना तिने निदान काळी पिशवी तरी मागून घेतली. ती बनुबाईने रिकामी कशी देणार? लांबडी पिशवी बघून तिला एकच गोष्ट सुचली. तिने शेवग्याच्या शेंगा काढल्या आणि चेन लावून दिली. मापात बसल्या.

गुरुवारी दुपारी अनुपमा सुनीलच्या दुकानात गेली. टाइल्सच्या ढिगाआड बसून त्याने सगळे ऐकले, आणि 'करंजेल' या शब्दाला तोंडावर रुमाल धरला.

"हसा," ती म्हणाली. "पण सरांच्या क्यूसारखा एखादा असेल तर द्या. रविवारपुरता."

सुनीलकडे टाकून दिलेले नऊ क्यू होते. त्यातला एक त्याने पुसून काढला.

"तुम्ही दरवर्षी बदलता कशाला हो?" तिने विचारले.

"काय सांगू वहिनी, नवा घेतला की दोन महिने झकास खेळतो. मग त्याला माझी ओळख पटते."

क्यू जुन्या साडीत गुंडाळून ती घरी आली, तेव्हा सर ठरल्यापेक्षा दोन तास आधीच आलेले होते. पलंगावर काळी पिशवी उघडी पडली होती, आणि त्यांच्या हातात शेवग्याची एक शेंग होती. ती त्यांनी क्यूसारखीच धरली होती.

"हे काय आहे?"

"शेंगा. आईने दिल्या."

"ते दिसतंय. अनुपमा, क्यू कुठाय?"

तिने सांगितले. दीपक, दारामागची काठी, लोहार, सगळे. सर मधेमधे एकेक शब्द उचलत.

"हातभर?"

"हो."

"टिपकडून? टोकाच्या बाजूनं?"

"खालून म्हणाले. म्हणजे तिकडूनच."

"करंजेल?"

"रातभर."

सरांनी शेंग पिशवीत ठेवली आणि चेन लावली. "माझी वस्तू दारामागे आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"तुम्ही ठेवलीत हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"या घरात मला सांगावं लागतं?"

"अहो, बाबांना वाटतंय ती तुम्हीच पाठवली. किती वर्षांनी त्यांना... ते चालायला लागलेत. त्यांना काही कळू देऊ नका. एवढंच माझं ऐका."

त्या रात्री सर जेवले नाहीत. अनुपमा जागीच होती. हा माणूस आता मोडणार, आणि कारण आपण, असे तिला वाटत होते.

पण शुक्रवारी ते क्लबातून शीळ घालत आले. शनिवारी त्यांनी शेंगांची आमटी दोनदा मागून घेतली. तिने सुनीलचा क्यू पुढे केला तर म्हणाले, "हरकत नाही. आता काय, कुठलाही चालेल." आवाजात दुःख होते, पण सणाचे कपडे घातलेले.

रविवारी ती मुद्दाम सरांच्या गाडीतून पोलादपूरला गेली. अपराध आपला, तर शिक्षेलाही हजर राहावे. सरांचा पहिलाच सामना चांगू कोंबडीवाल्याशी होता. चांगू भिंतीला टेकवलेल्यांपैकी हाताला लागेल ती काठी उचलून खेळे, आणि खेळून झाले की कुठे ठेवली ते विसरे. सर चांगूकडून हरले. पहिल्या फेरीत, पंधरा मिनिटांत, काळा बॉल चुकीच्या पॉकेटात घालून.

अनुपमाने मान खाली घातली. वर पाहिले तर सर हसत होते.

"काय करणार?" ते भोवतीच्या लोकांना सांगत होते. "माझा क्यू असता तर गोष्ट वेगळी होती. चोवीस वर्षांचा हात बसलेला. आणि त्याचं काय झालं माहितेय? सासरेबुवांनी कापला!"

"कापला?"

"दीड हात! बैलांना चोळायच्या तेलात बुडवला! वर लोखंडी शेंबी!" गुरुवारी अनुपमाने रडवेल्या आवाजात सांगितलेले सगळे त्यांना शब्दन् शब्द पाठ होते, आणि वर पदरचे मीठमिरची लावून ते तिच्या वडिलांच्या आवाजात म्हणून दाखवत होते. "'टोक लय नाजूक हुतं वो, जावयबापू! चिखलात टिकलं नसतं!'"

हॉल खदखदून हसला. कुणी चहा आणला. कुणी खांद्यावर हात ठेवला. तिकडे सुनील सातव्यांदा जिंकला, पण त्याच्याभोवती चौघेच होते. सहा वर्षे उपविजेते असताना सरांना कुणी खुर्ची दिली नव्हती. आज पहिल्या फेरीत हरल्यावर ते मधोमध बसले होते आणि ऐकणारे उभे होते.

"सर, वर्गणी काढू," सुनील म्हणाला. "अगदी तसाच नवा क्यू मागवू मुंबईहून. तेच लाकूड, तेच वजन."

सरांचा चहा बशीत सांडला. "छे छे! तसा परत मिळत नाही. नको, अजिबात नको."

अनुपमाने ती घाई बघितली. चोवीस वर्षांत तिने त्यांचा चेहरा इतका स्वच्छ वाचला नव्हता. तोच क्यू परत आला तर चूकही परत येणार होती. आता कुठे ती चूक दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली होती. अनुपमाच्याच माहेरी.

तिने दाराकडे पाहिले. तिथे दीपक उभा होता. प्रवासी उतरवून दाजींचा खेळ बघायला वर आला असावा. त्याने सगळे ऐकले होते. बहिणीशी एक शब्द न बोलता तो जिना उतरला.

"गाडी काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "कापड्याला."

"आत्ता? अगं, बक्षीस समारंभ—"

"तुम्हाला मिळालं ना बक्षीस. चला."

सर लोकांतून सुटून ते पोचले तोवर तास गेला होता; कुशाबा ओटीवर उभे होते. काठीवाचून, खांबाला धरून. दीपकची जीप अंगणात होती. ओटीवर क्यू ठेवला होता, शेंबी काढून, तेल पुसून. त्याच्याशेजारी तो हातभर तुकडा, धुतलेला. दोन्ही सुंभाने एकत्र बांधलेले.

"या जावयबापू," कुशाबा म्हणाले. "दीपक बोलला मला. माझी चूक झाली. मला वाटलं..." ते थांबले. "जाऊ दे, काय वाटलं ते. ही घ्या. तुकडा पन हाय. हिनं पापड लाटले, पन झिजला नाय."

सर उभेच राहिले. हॉलमधले हसू अजून त्यांच्या ओठांच्या कडेला होते, ते कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हते.

"सुताराकडनं जोडून घेतो," कुशाबा पुढे म्हणाले. "आनि नाय जमलं तर दीपकला मुंबईला धाडतो. तश्शी नवी आनंल. तसूभर फरक नसंल. मी सवता बघून घेतो."

'तसूभर फरक नसंल' ऐकले आणि सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच घाई आली. अनुपमाने ओळखली.

"नको, नको!" ते म्हणाले. "नवी कशाला? अहो, ती तुमचीच आहे. मी तुमच्यासाठीच पाठवली होती."

बनुबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मग दीपक बोलला ते?"

"ती मस्करी हो. तिथं सगळे तसंच बोलतात. तुम्हाला गुडघ्याचा त्रास, माझ्या मनात कधीपासून होतं..." एकदा सुरू झाल्यावर सर वर्गात शिकवावे तसे बोलत गेले. "मीच हिला म्हटलं, चांगली भक्कम द्यायची. माझ्याकडे होती, तीच दिली."

दीपकने तोंड फिरवले. कुशाबांनी जावयाकडे पाहिले. मग मुलीकडे.

"खरं का गो, अनू?"

आठवडाभर अनुपमा एकच गोष्ट शोधत होती. वडिलांना दुखवल्याशिवाय सांगता येईल असे खरे. ते सापडले नव्हते. आणि आता तिचा नवरा चोवीस वर्षांत तिच्या वडिलांशी पहिले मायेचे वाक्य बोलला होता, तेही निव्वळ सबब हातची जाईल या भीतीपोटी. असे वाक्य परत करावे की ठेवून घ्यावे? पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"खरं, बाबा," ती म्हणाली. "मला बोललेच होते ते."

लेकीला खोटे बोलता येत नाही हे कुशाबांना तिच्या पहिलीपासून माहीत होते. ते फक्त "बरं" म्हणाले. त्यांनी सुंभ सोडला, तुकडा बनुबाईकडे दिला, "हे तुझं", आणि कोनाड्यातून शेंबी काढून दगडाने ठोकून पुन्हा बसवली. मग गाडीपर्यंत सोडायला आले. ठण्, ठण्. पाय सरळ पडत होता.

"कसे आहात?" गाडीत बसताना सरांनी विचारले. विचारून झाल्यावर आपणच दचकले.

"बरा हाय," कुशाबा म्हणाले. "काठी हाय ना."

हायवेला लागल्यावर सर म्हणाले, "हे बघ, मी पाठवली वगैरे... ते क्लबात बोलू नकोस. तिथं जरा वेगळं सांगितलंय."

"ऐकलं मी."

"म्हणजे, तिथं ती चुकून गेली नि कापली गेली असंच राहू दे."

"राहू दे."

मागच्या सीटवर वर्तमानपत्रातली वेताची काठी प्रत्येक वळणावर इकडून तिकडे लोळत होती. अनुपमाने ती आजही बरोबर घेतली होती, का ते तिलाच ठाऊक नव्हते. सरांनी आरशातून तिच्याकडे पाहिले.

"आता त्या काठीचं काय करायचं?"

"ठेवू दारामागं," अनुपमा म्हणाली. "तुमच्या मापाची आहे. कापावी लागणार नाही."

सर स्टिअरिंगमागे नकळत पाठ ताठ करून बसले, आणि महाड येईपर्यंत तसेच बसून राहिले.